जुन्या गाडीला दुसरे इंजिन

आमच्या घरची मारुती ८०० अब्बांनी १९९७ साली घेतली. तेव्हा ते दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला होते. शाळा, लग्नकार्य, दवाखाना, सगळ्या खेपा या गाडीने केल्या. गेल्या उन्हाळ्यात मात्र ती निळा धूर सोडू लागली आणि दर आठवड्याला ऑइल कमी होऊ लागले. मिस्त्रींनी तपासून सांगितले, "रिंगा गेल्या आहेत, सिलिंडरही झिजले आहेत. दुसरे इंजिन टाकलेले बरे."

अम्मींना डोळ्यांच्या उपचारासाठी दर पंधरा दिवसांनी जळगावला न्यावे लागत होते. नवी गाडी घेण्याइतके पैसे नव्हते आणि व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आमच्या घरात पूर्वीपासून ठरलेले. म्हणून दुसरे इंजिन टाकायचे ठरले. त्या कामात जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल, असे वाटते. अशा जुन्या गाड्या आपल्या अनेक घरांत आहेत.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे छोटे इंजिन ही तिची ओळख. आमच्या गाडीला कार्ब्युरेटर होता. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि २००० सालाच्या सुमारास एमपीएफआय इंजिने आली. त्यांत पेट्रोल किती सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. कार्ब्युरेटरचे चांगले इंजिन मिळेना, म्हणून आम्ही त्याच कंपनीचे, तेवढ्याच सीसीचे एमपीएफआय इंजिन शोधू लागलो.

पहिली परीक्षा इथेच झाली. धाकट्या भावाला एका ठिकाणी निम्म्या किमतीत इंजिन मिळत होते. पावती नाही, गाडीचा कागद नाही आणि क्रमांकाच्या जागी घासल्याच्या खुणा. भाऊ म्हणाला, "अब्बा, बॉनेट उघडून कोण बघतो?" अब्बा म्हणाले, "बेटा, चोरीचा माल स्वस्तच असतो. ज्याची गाडी गेली असेल त्याने सबर केला असेल, पण माफ केले आहे का?" ते इंजिन आम्ही घेतले नाही. दुप्पट पैसे मोजून अपघातात निकामी झालेल्या, पूर्ण कागदपत्रे असलेल्या गाडीचे इंजिन घेतले. त्यासोबत ईसीयू, सेन्सर, पूर्ण वायरिंग आणि पेट्रोलची टाकीही घेतली.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरील तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. इंजिन बदलल्यास १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला आणि इंजिनाचा क्रमांक आरसीशी जुळला नाही, तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते. म्हणून आम्ही काम सुरू करण्याआधीच आरटीओत अर्ज दिला.

इंजिन बसवायला एकच दिवस लागला. चेनपुलीने जुने उतरवले, नवे फाउंडेशनवर बसले. वायरिंगला मात्र तीन आठवडे लागले. जुन्या गाडीत इंजिनाकडे मोजक्याच तारा जात होत्या. नव्याला पाण्याचे तापमान, हवेचा दाब, थ्रॉटलची स्थिती सांगणारे सेन्सर, इंजेक्टर, रिले आणि टाकीतला इलेक्ट्रिक पंप. भावाने प्रत्येक कपलरवर कागदाची चिठ्ठी लावली आणि वहीत तारेचा रंग लिहून ठेवला. कोणतीही तार कापण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, हा नियम पाळला. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. एमपीएफआयमध्ये पेट्रोलचा दाब पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असतो; जुनी रबरी नळी फुटली तर आग लागू शकते.

सगळे जोडून झाले, चावी फिरवली. सेल्फ कण्हत फिरला, इंजिन काही चालू झाले नाही. चार दिवस आम्ही ईसीयूवर संशय घेत होतो. दुसरा विकत घ्यायची तयारी झाली. पाचव्या दिवशी अब्बा आले. भाऊ सेल्फ मारत असताना त्यांनी एक्सिलेटरच्या केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. केबल चटका बसण्याइतकी तापली होती!

अब्बा हसले. "पाचशे मेगावॅटचे दोन संच शेजारी चालतात आणि तुम्ही अर्थिंग विसरलात?"

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध नसतो. त्यासाठी तांब्याची विणलेली पट्टी लावतात. आम्ही ती रंगावरच आवळली होती. सेल्फचा एवढा मोठा प्रवाह परतीची वाट शोधत बारीक केबलमधून जात होता आणि ईसीयूलाही नीट अर्थ मिळत नव्हता. सेल्फ फिरत असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यात मल्टिमीटर लावला, तर जवळजवळ दोन व्होल्ट! हा आकडा शून्याजवळ हवा. जागा घासून लोखंड उघडे केले, पट्टी आवळली, वर ग्रीस लावले. पुढच्या चावीला इंजिन चालू झाले. अलहम्दुलिल्लाह!

आरटीओची तपासणी झाली, आरसीवर नवा क्रमांक चढला, विमा कंपनीलाही कळवले. जुन्या इंजिनाला एक गिऱ्हाईक आले. "धूर मारते हे सांगू नका, मी पुढे विकतो," असे तो म्हणाला. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारे आणि ओले धान्य वर ठेवायला सांगणारे आमचे प्रेषित (स.) आठवले. त्याला नाही म्हटले आणि ते इंजिन सगळे दोष सांगून भंगाराच्या भावात दिले. पैसे कमी आले.

आता अम्मींना घेऊन गाडी जळगावला जाते आणि धूर निघत नाही. भावाने ती वही जपून ठेवली आहे. वसाहतीतली दोन मुले ती उतरवून घेत आहेत. त्यांना तो पहिल्या पानावरच्या दोन ओळी आधी वाचायला लावतो: कागद तपासा. अर्थ तपासा.