ईस्टर आला, पण चर्चला कुलूप!

उज्जैन म्हटलं की आपल्याला महाकाळ, शिप्रा आणि शिंदेशाही आठवते. तिथे केरळच्या सिरो-मलबार परंपरेचा ख्रिस्ती धर्मप्रांतही आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. १९६८ साली तिथे मिशन क्षेत्र स्थापन झालं, १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

२०२० चा ईस्टर होता १२ एप्रिलला. त्याआधीचा उपवासकाळ निम्म्याहून अधिक सरला आणि २५ मार्चला कोरोनाची टाळेबंदी! उज्जैनसह देशभर चर्चची दारं भाविकांना बंद. सण पुढे ढकलावा, तर व्हॅटिकनने आधीच कळवलेलं: ईस्टरची तारीख हलणार नाही.

पण सिरो-मलबार परंपरेचा एक भाग टाळेबंदीला पुरून उरणाराच होता. पवित्र गुरुवारची ‘पेसहा’ मुळात होतेच घरी! तांदूळ-उडदाच्या पिठाचं, न आंबवलेलं अप्पम वाफवतात. त्यावर झावळीच्या पानाचा छोटा क्रूस. सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. कुटुंबप्रमुख प्रार्थना करून अप्पम मोडतो आणि वयाच्या क्रमाने सगळ्यांना वाटतो. ना पाद्री, ना वेदी. मला तर हा सगळ्या पवित्र सप्ताहातला सर्वांत सुंदर विधी वाटतो.

तुमच्या शेजारी केरळी ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्यांच्या घरच्या पेसहाबद्दल नक्की विचारा आणि इथे लिहा.