व्हॉइसमेल वाचावा कधी, ऐकावा कधी?

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट लवकर कळते. फोन उचलला नाही, तर तिथले दवाखाने, शाळा, बँका व्हॉइसमेल ठेवतात. हा निरोप आता न ऐकताही पडद्यावर वाचता येतो. कामाचा निरोप कोणता, हे ठरवायला वाचन पुरते; पण त्यावर काही करायचे असेल, तर तो ऐकलेलाच बरा.

सोय कशी आली

पूर्वी पासवर्ड देऊन निरोप एकामागून एक ऐकावे लागत. २००७ मध्ये पहिल्या आयफोनने त्यांची यादी दाखवली आणि हवा तो निरोप आधी ऐकता येऊ लागला. २००९ मध्ये गूगल व्हॉइस निरोपाचा मजकूर करून देऊ लागले. २०२३ च्या आयओएस १७ या आयफोनच्या प्रणालीपासून ‘लाइव्ह व्हॉइसमेल’ आला: समोरचा माणूस निरोप ठेवत असतानाच त्याचे शब्द पडद्यावर उमटतात. ते वाचता वाचता फोन उचलताही येतो.

चुका कुठे होतात

पारंपरिक फोनलाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचवते. त्यावरच्या पट्टीतला आवाज गळतो, म्हणून स्पेलिंग सांगताना ‘एफ’ आणि ‘एस’ सारखेच ऐकू येतात. शब्द अस्पष्ट असेल, तर मजकूर करणारा प्रोग्राम सर्वांत संभाव्य शब्द बसवतो. इंग्रजीवर पोसलेल्या प्रोग्रामला क्षीरसागर किंवा देशपांडे हे आडनाव संभाव्य वाटत नाही. त्याचे काहीही होऊ शकते. आईने मराठीत ठेवलेल्या निरोपाचे तर निरर्थक इंग्रजी होते.

वाचून भागते तेव्हा

- मीटिंगमध्ये किंवा गोंगाटात असताना
- जाहिराती आणि नकोसे फोन बाजूला काढताना
- ऐकायला कमी येत असेल तेव्हा

ऐकायलाच हवे तेव्हा

- तारीख, वेळ, रक्कम, फोन नंबर किंवा औषधाचे प्रमाण असेल तेव्हा
- होकार-नकारावर काही अवलंबून असेल तेव्हा. इंग्रजीतल्या ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांत सहज गल्लत होते

निरोप कुठे जातो

आयफोनचा लाइव्ह व्हॉइसमेल फोनवरच मजकूर तयार करतो. सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेत मात्र ध्वनिमुद्रण कंपनीकडे जाते. व्हॉइसमेलचा मजकूर करून देणाऱ्या ब्रिटनच्या स्पिनव्हॉक्स कंपनीत काही निरोप कर्मचारी ऐकून लिहीत असल्याचे २००९ मध्ये उघड झाले होते.

भारतात काय?

इथे व्हॉइसमेलची सवय फारशी रुजली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची व्हॉइस नोट मात्र घरोघरी आहे. तिचा मजकूर करून देण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. हे काम फोनवरच होते आणि मजकूर फक्त निरोप घेणाऱ्यालाच दिसतो. सुरुवातीच्या भाषांत मराठी नव्हती.

स्वतः निरोप ठेवताना

आधी नाव आणि काम सांगा. आडनावाचे स्पेलिंग सावकाश सांगा, नंबर दोनदा म्हणा. ‘कॅन्ट’ऐवजी ‘कॅनॉट’ म्हटले, तर नकाराचा होकार होत नाही.