दादाला उठवून बसवू का? स्पायनल कॉर्ड इंज्युरीनंतरचं रोजचं जगणं

मागच्या भागानंतर सोलापूरजवळून एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. तिच्या दादाचा बाइकवरून अपघात झाला, त्याला नऊ महिने झालेत. कमरेखाली हालचाल नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून तो पलंगावरच आहे, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जातो, "त्याला आराम करू द्या." ताईचा प्रश्न एवढाच होता : दादाला उठवून बसवलं तर काही बिघडेल का?

जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, मी व्हीलचेअरवर बसूनच हे रेकॉर्ड करतो. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण माझ्या इंज्युरीला पाच वर्षं झालीत, त्यामुळे उत्तर देतो. ताई, आधी सर्जनना विचारून घ्या की मणका आता स्थिर आहे का. ते हो म्हणाले, तर पडून राहण्यातच जास्त धोका आहे. फक्त एकदम सरळ बसवू नका. इतके महिने आडवं राहिल्यावर बीपी खाली येतं, चक्कर येते. पाठीमागे उशा वाढवत वाढवत काही दिवसांत बसतं करायचं.

आता आत नेमकं काय झालेलं असतं ते बघू. मेंदूपासून कमरेच्या वरपर्यंत जाणारी मज्जारज्जू म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटरची एक केबल समजा. दादाच्या रिपोर्टवर डी १० किंवा टी १० असं काहीतरी लिहिलेलं असेल. दोन्हीचा अर्थ एकच, केबलला कुठे मार बसला त्याचा पत्ता. त्या पत्त्याच्या खाली निरोप जात नाहीत आणि खालून वर येतही नाहीत. लोकांना फक्त पाय दिसतात. पण लघवी, शौच, घाम, स्पर्श, सगळं त्याच केबलवर चालतं. खरं सांगू, चालता न येण्याची सवय लवकर होते. बाकीच्या गोष्टींचं वेळापत्रक बसवायला मला वर्ष लागलं.

एक काळ असा होता की असे पेशंट फार जगत नसत. बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन, या दोन गोष्टींनी जात. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलला वॉर्ड सुरू केला आणि दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायचा नियम घातला. दिवसा, रात्री, न चुकता. पुढे १९४८ मध्ये, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी हॉस्पिटलच्या आवारात १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे. क्रम लक्षात घ्या : आधी कूस, मग मेडल.

तर दादासाठीही आधी कातडी. झोपलेला असताना दर दोन तासांनी कूस. बसायला लागला की दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दोन मिनिटं बुडावरचा भार काढायचा. मी फोनवर अलार्म लावलाय, ऑफिसच्या मीटिंगमध्येही वाजतो, आता कुणी दचकत नाही. रोज रात्री फोनच्या कॅमेऱ्याने माकडहाड, नितंब आणि टाचा बघायच्या. भार काढून अर्ध्या तासानेही लाली गेली नाही, तर त्या जागेवर अजिबात बसायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. मधे भोक असलेली गोल उशी कुणी आणून दिली तर परत करा. भोवतीच्या कातडीवर दाब वाढतो. आणि गरम लॅपटॉप किंवा वाफाळतं ताट मांडीवर कधीच नाही. चटका बसलेला कळत नाही.

लघवीसाठी बहुतेकांना दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हाताने कॅथेटर घालून ब्लॅडर रिकामं करायला शिकवतात. दादाचे हात चांगले असतील तर त्याने ते स्वतः शिकावं. आईने करायचं आणि त्याने छताकडे बघायचं, यात माणूस आतून खचतो. शौचाची वेळ एकच ठरवा, जेवणानंतर थोड्या वेळाने. एवढं जमलं की माणूस लग्नाला जातो, सिनेमाला जातो, नोकरीला जातो. नाही जमलं तर सगळ्यात भारी व्हीलचेअरही घरातच पडून राहते.

एक इशारा. ज्यांची इंज्युरी टी ६ किंवा त्याच्या वर आहे, त्यांचं अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर बीपी धोकादायक चढलेलं असू शकतं. लगेच बसतं करा, कपडे सैल करा, ब्लॅडर भरलंय का किंवा नळी मुडपली आहे का ते बघा आणि थेट दवाखाना गाठा.

व्यायाम किती? २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार फिटनेससाठी आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम, आणि दोनदा ताकदीचा. हृदयासाठी ३० मिनिटं, तीनदा. आपले खांदे आता पायांचं काम करतात, म्हणून नुसते डंबेल ढकलू नका. दाराच्या कडीला रबरी बँड बांधून मागे ओढायचा व्यायाम करा, पाठ मजबूत होते आणि खांदे टिकतात.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. पोहायला लागले ते उपचार म्हणून, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. पुण्यात खडकीला जखमी जवानांचं पॅराप्लेजिक केंद्र आहे. तिथेही खेळ हा दिनक्रमाचाच भाग आहे. पण दादाला लगेच "चंदू चॅम्पियन" दाखवून "तू पण कर" म्हणू नका हं. मला लोकांनी असे इतके व्हिडिओ पाठवले की मी ग्रुप म्यूट केला. मला तेव्हा बाथरूमपर्यंत जायचं होतं, हायडेलबर्गला नाही.

ताई, या आठवड्यात दोन कामं करा. जवळच्या फिजिओला घरी बोलवा आणि पलंगावरून खुर्चीवर जायचं तंत्र दादाबरोबर घरातल्या अजून एकालाही शिकवा. आणि मेजरिंग टेप घेऊन बाथरूमच्या दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची आणि पलंगाची उंची लिहून पाठवा. व्हीलचेअर दादाच्या आणि त्या दाराच्या मापाची घ्यायची आहे. दुकानदाराकडे असेल ती नको. पलंग आणि सीट एका उंचीला आली तर खांद्यांवरचा निम्मा ताप वाचतो. मापं आली की पुढच्या भागात त्यावरच बोलू.