वजनकाट्याला न दिसणारी झीज

पोट फुगलेलं, मांड्या मात्र वाळून काड्या झालेल्या. यकृताच्या कर्करोगाचा असा रुग्ण काट्यावर उभा राहतो तेव्हा आकडा जवळपास तोच असतो आणि खानदेशातल्या जामनेरकडच्या घरांतून दिलासा मिळतो, ‘वजन तर उतरलं नाही!’ पोटात साठलेलं पाणी ती झीज झाकत असतं. खाटेवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागले, की खरं काय ते कळतं.

गाठ यकृतात, मग झळ स्नायूंना का? हा कर्करोग बहुतेकदा सिरॉसिसने निबर झालेल्या यकृतातच होतो. प्रथिनांतून तयार होणाऱ्या अमोनियाचं युरिया करणं हे यकृताचं काम. ते थकलं की भार स्नायूंवर येतो. त्यात स्नायूंतली ल्यूसिनसारखी अमिनो आम्लं खर्ची पडतात, वर स्नायूंची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन वाढतं. साखरेचा साठाही तुटपुंजा असतो. धडधाकट माणसाच्या शरीराची दोन-तीन दिवसांच्या उपासाने जी अवस्था होते, ती या रुग्णाची एका रात्रीत होते. मग शरीर स्नायूच मोडून खातं. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया आणि औषधं, दोन्ही कमी सोसतात.

क्वचित प्रकार वेगळाच असतो. कर्करोगामुळे बिथरलेली प्रतिकारशक्ती त्वचा आणि स्नायूंवरच उलटते, हा डर्मॅटोमायोसायटिस. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर खरबरीत चट्टे, केस विंचरायला हात वर जाईना. सावळ्या कातडीवर ही खूण ‘ऊन लागलं’ म्हणून सहज सुटते. कधी कधी गाठ सापडण्याआधीच ही लक्षणं दिसतात.

बरंच नुकसान मात्र पथ्यातून होतं. लिव्हरचा आजार म्हटलं की डाळ बंद, अंडी बंद! यकृताच्या आजाराने भ्रमिष्टपणा आलेल्या रुग्णांनाही नेहमीइतकी प्रथिनं चालतात, हे स्पेनमधल्या अभ्यासाने 2004 मध्येच दाखवलं. आज सिरॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं द्यायला सांगतात. खानदेशात त्यासाठी प्रथिनांच्या पावडरीचे डबे विकत आणायची गरज नाही. उडदाच्या कळण्याची भाकरी, फुणके, अंडी आणि झोपण्यापूर्वी दूध-दशमी. शेंगदाणे चालतील, पण बुरशीचे नकोत. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाचं एक कारण आहे. पोटात पाणी असेल तर पापड-लोणच्यासारखं खारट टाळावं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हाताची पकड मोजायला सांगा. पुरुषांत ती 28 किलोपेक्षा आणि बायकांत 18 किलोपेक्षा कमी भरली, तर आहार आणि व्यायामाचा सल्ला त्याच भेटीत मागून घ्या.