खासगी शस्त्रसंग्रहातील निवड : कोणते शस्त्र ठेवावे, कोणते विकावे?
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील परवानाधारक कुटुंबांच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक घरांत ठासणीची बंदूक, दुनळी किंवा रायफल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली आहे. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे कोणते शस्त्र ठेवावे व कोणते सोडावे हा प्रश्न या कुटुंबांपुढे उभा राहिला. वारसाहक्काच्या वेळी तो पुन्हा उभा राहतो. प्रस्तुत लेखात या निवडीच्या कायदेशीर चौकटीचे व निर्णयाच्या कसोट्यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : शस्त्र परवाना, वारसा, ठासणीची बंदूक, पीकसंरक्षण, संग्रहालय.

प्रस्तावना

सातारा व सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी त्यांचा इतिहास एकच आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या भूभागात औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने नांदली. संस्थानी चाकरी, लष्करातील भरतीची परंपरा आणि सह्याद्रीच्या कुशीतील शेती या तीन कारणांनी येथील घरांत शस्त्रे आली. सरदार घराण्यांच्या वाड्यांत ती मानचिन्हे म्हणून राहिली, अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांत सैनिकी पेशाची खूण म्हणून, तर पाटण व शिराळा तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्याचे साधन म्हणून.

खंडेनवमीस या शस्त्रांची पूजा होते. एरवी मात्र ती कपाटात बंद असतात. पूजेत जे समान मानाने मांडले जाते, त्यातील प्रत्येकाची कायद्यातील स्थिती वेगळी असते. ही बाब बहुतेकदा घरातील कर्त्या माणसाच्या निधनानंतरच ध्यानी येते, आणि तेव्हा निर्णय घाईत घ्यावा लागतो.

उद्दिष्टे

१. अग्निशस्त्रांच्या संख्येवरील मर्यादेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. शस्त्र ठेवणे अथवा विकणे यासंबंधी निर्णयाच्या कसोट्या मांडणे.
३. विक्री व हस्तांतरणाची प्रक्रिया विशद करणे.

कायदेशीर चौकट

भारतातील खासगी शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये होते. १८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. मूळ अधिनियमात संख्येची मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीन अग्निशस्त्रांवर निश्चित झाली. २०१९ च्या विधेयकात प्रथम एकच शस्त्र प्रस्तावित होते. संसदेत ती संख्या दोन करण्यात आली. ज्यांच्याकडे दोनहून अधिक शस्त्रे होती त्यांनी पसंतीची कोणतीही दोन ठेवून उर्वरित शस्त्र एका वर्षाच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, आणि त्यानंतर ९० दिवसांत ते परवान्यातून कमी करावे, अशी तरतूद झाली. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडता येत नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना नेमबाजीच्या सरावासाठीच्या .२२ बोअर रायफलीबाबत सवलत आहे.

येथे एक मुद्दा आवर्जून नोंदविला पाहिजे. ही मर्यादा कुटुंबाला नसून परवानाधारक व्यक्तीला आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसास परवाना देता येतो. इतकेच नव्हे, तर परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने नामनिर्देशित केलेल्या वारसास हयातीतच परवाना देता येतो. परवाना देणे हा अर्थातच प्राधिकाऱ्याचा निर्णय असतो. तथापि अर्जाचा मार्ग खुला आहे.

एका कुटुंबाचा अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या घरातील उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. कोयनाकाठच्या आमच्या घरी वडिलांच्या परवान्यावर तीन शस्त्रे होती : आजोबांनी पीकसंरक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक, आयुध कारखान्यात तयार झालेली १२ बोअरची दुनळी आणि .३१५ बोअरची रायफल. २०२० मध्ये एक सोडणे भाग पडले. ठासणीच्या बंदुकीत आजोबांची आठवण होती आणि रायफल सर्वांत महाग होती. म्हणून वडिलांनी दुनळी विक्रेत्याकडे जमा केली. अनेकांना एकाच वर्षात शस्त्र सोडावयाचे असल्याने तिला नाममात्र किंमत आली.

पुढे ध्यानात आले की तिन्हींपैकी सर्वाधिक उपयोगाची, सहज काडतुसे मिळणारी व सुस्थितीतील तीच होती. वडिलांनी ती २५ वर्षांहून अधिक काळ बाळगलेली होती. तेव्हाच नामनिर्देशन करून माझ्या नावे परवान्याचा अर्ज केला असता तर कदाचित ती घरातच राहिली असती. नियम उपलब्ध होता. आम्हीच तो वाचला नव्हता. शिकविण्याचा पेशा असलेल्या माणसाने हे मान्य करणे सुखाचे नाही, परंतु प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

निर्णयाच्या कसोट्या

१. कायदेशीर स्थिती : शस्त्र परवान्यावर नोंदलेले आहे का, त्यावरील क्रमांक नोंदीशी जुळतो का आणि ते निषिद्ध बोअरचे तर नाही ना, हे सर्वप्रथम तपासावे. जुनी वस्तू म्हणजे परवानामुक्त वस्तू, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. अधिनियमाच्या कलम ४५ मधील सूट कालबाह्य, पुरातन मूल्याच्या वा नादुरुस्त अशा शस्त्रास आहे की जे दुरुस्तीसह अथवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही. ठासणीच्या बंदुकीचा बार निघत असेल तर तिचे वय कितीही असो, या सुटीचा आधार घेता येणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने दुर्मीळ संग्राह्य वस्तूंच्या वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यास परवान्यातून सूट जाहीर केली. परंतु त्यांचा वापर व वाहतूक यांस परवाना लागतोच. आपली वस्तू त्या वर्गात बसते की नाही याचा निर्वाळा घरच्यांनी स्वतः न देता जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्यावा. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ व कमाल ५ वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

२. उपयोग : शस्त्र कशासाठी हवे, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. कलम १३ मध्ये संरक्षण वा क्रीडेसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. माजी सैनिकांपैकी अनेकजण स्वतःच्या परवान्यावरील १२ बोअर बंदुकीच्या आधारे सुरक्षारक्षकाची नोकरी करतात. त्यांच्यासाठी ती बंदूक म्हणजे उपजीविका होय. याउलट शिकारीचे कारण आता उरलेले नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी ती वाट बंद केली. कोयना व चांदोलीचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची अनुज्ञा नव्हे. पीकसंरक्षणासाठीही वनविभागाच्या नियमांचे पालन करावे लागते.

३. सुस्थिती व काडतुसे : १२ बोअर व .३१५ ची काडतुसे देशात तयार होतात. जुन्या विलायती शिकारी रायफलींच्या अनेक बोअरची काडतुसे मात्र दुर्मीळ व महाग आहेत. जुन्या विलायती दुनळ्यांपैकी अनेकींचे काडतूसघर अडीच इंचांचे असते. आजचे पावणेतीन इंचांचे काडतूस तीत वापरणे धोक्याचे ठरते. पट्ट्या पिळून घडविलेल्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या; आधुनिक धूररहित दारूचा दाब त्या सोसतीलच असे नाही. परवानाधारक कारागिराकडून तपासणी झाल्याशिवाय अशा शस्त्राचा बार काढू नये.

४. ऐतिहासिक मूल्य : भावनिक मूल्य व ऐतिहासिक मूल्य यांत भेद करणे आवश्यक आहे. आजोबांची बंदूक घराला प्रिय असते, पण म्हणून ती इतिहासाचे साधन ठरत नाही. संस्थानी चिन्ह, कारागिराचे नाव, खरेदीचे वा बक्षिसाचे कागद यांमुळे शस्त्राचे मोल वाढते. म्हणून शस्त्राआधी त्याचे कागद जपावेत. पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार सामान्यतः १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिची खासगी निर्यात करता येत नाही व तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. अशा वस्तूसाठी संग्रहालय हा विक्रीपेक्षा उचित पर्याय होय. १९३८ साली स्थापन झालेले औंधचे श्री भवानी संग्रहालय एका संस्थानिकाच्या खासगी संग्रहातूनच उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शित झाली, तेव्हा संग्रहालयात जपलेली वस्तू साऱ्या समाजाची कशी होते, याचा प्रत्यय जिल्ह्याने घेतला.

५. वारस : शस्त्र सांभाळण्यास पात्र व इच्छुक व्यक्ती पुढील पिढीत आहे का? वारस नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस वा परदेशी असेल आणि गावच्या घरात केवळ वृद्ध माणसे असतील, तर शस्त्र हे संरक्षण न राहता जोखीम बनते. घरातील स्त्रियांचे मत येथे विशेष महत्त्वाचे आहे. कपाटाची किल्ली बहुधा त्यांनाच सांभाळावी लागते.

विक्री व हस्तांतरणाची प्रक्रिया

कलम ५ नुसार खासगी वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेले शस्त्र पात्र व्यक्तीस विकता येते. मात्र विक्रीचा इरादा आणि खरेदीदाराचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांना लेखी कळवून किमान ४५ दिवस उलटल्याखेरीज हस्तांतरण करता येत नाही. खरेदीदाराकडे वैध परवाना व त्यावर जागा असणे अनिवार्य आहे. परवानाधारक मृत झाल्यास वारसांनी शस्त्र घरी ठेवू नये; कलम २१ नुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. जमा करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. विहित मुदतीत वारसास स्वतःच्या परवान्यावर ते परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीस विकून रक्कम मिळविता येते. मुदत उलटली तर मात्र शस्त्र शासनजमा होऊ शकते.

वडिलांच्या निधनानंतर आम्ही याच मार्गाने गेलो. आईने व बहिणीने संमतीपत्रे दिली. या वेळी किंमत व आठवण बाजूस ठेवून वरील कसोट्या लावल्या. सांगलीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मला रायफलीचा उपयोग नव्हता. ती परवानाधारक खरेदीदारास विकली. ठासणीची बंदूक, गावी आमची जमीन कसणाऱ्या चुलतभावाने पीकसंरक्षणाचा स्वतंत्र परवाना मिळविल्यावर, रीतसर त्याच्या नावे झाली. खंडेनवमीस ती आजही आजोबांच्याच देव्हाऱ्यापुढे मांडली जाते.

निष्कर्ष

१. संख्येची मर्यादा व्यक्तीस आहे. म्हणून निवड करण्यापूर्वी कुटुंबातील पात्र वारसांचा विचार करावा.
२. बाजारभाव किंवा भावना यांपैकी एकच निकष लावल्यास निर्णय चुकण्याचा संभव असतो. कायदेशीर स्थिती, उपयोग, सुस्थिती, ऐतिहासिक मूल्य व वारस या क्रमाने विचार करणे हितावह आहे.
३. नामनिर्देशनाचा निर्णय परवानाधारकाच्या हयातीत घ्यावा.
४. इतिहासाच्या प्राध्यापकांनी व महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील कुटुंबांकडील शस्त्रांच्या कागदपत्रांची, मालकांच्या संमतीने व त्यांची ओळख गुप्त ठेवून, नोंद करण्याचे कार्य हाती घ्यावे. शस्त्र विकले गेले तरी त्याचा इतिहास त्यासोबत विकला जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेऊ शकतो.