यीस्टची कळी
पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीला विभागताना बाजूने कळी फुटते. कळी केवढी झाली यावरून विभाजन कुठवर आले ते सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते. लेलँड हार्टवेल यांनी याचाच फायदा घेतला: तापमान वाढवताच सगळ्या एकसारख्या कळीनिशी अडकून बसणाऱ्या पेशी निवडल्या आणि विभाजनाची सूत्रे हलवणारी जनुके शोधली. त्यांच्या २००१च्या नोबेलमागे हेच काम होते. आता कोणी म्हणेल, ना मेंदू ना रक्त, अशा बुरशीवरून माणसाचे काय कळणार? आक्षेप अर्धा खरा; मज्जातंतूंचे जाळे यीस्टमध्ये नाहीच. पण २०१५मध्ये संशोधकांनी यीस्टच्या ४१४ अत्यावश्यक जनुकांच्या जागी एकेक करून माणसाची जनुके बसवून पाहिली, तर जवळपास निम्म्या वेळा यीस्ट तगले, तेही यीस्ट आणि माणूस यांच्या सुमारे शंभर कोटी वर्षांच्या ताटातुटीनंतर.