बॉईलच्या नियमाचा प्रयोग आणि स्थानिक हवेचा दाब : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

स्थिर तापमानास ठराविक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. तो प्रयोगाने पडताळताना मात्र एक संख्या बहुधा पाठ्यपुस्तकातूनच उचलली जाते. ती म्हणजे ७६ सेंटीमीटर, अर्थात समुद्रसपाटीवरील हवेचा प्रमाण दाब. आपल्या परिसरात या संख्येमुळे काय घडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

समुद्रसपाटीपासून सांगली सुमारे ५५०, सातारा सुमारे ७००, तर कृष्णेचे उगमस्थान महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे पेरिए यांनी १६४८ मध्ये फ्रान्समधील प्यू द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन हे दाखविले होते. त्या हिशेबाने वायुभारमापकातील पारा सांगलीस सुमारे ७१, साताऱ्यास ७० व महाबळेश्वरास ६५ सेंटीमीटर उभा राहतो. वाईहून पसरणी घाट चढताना वेफर्सचा बंद पुडा फुगतो, तोही याच कारणाने.

आता प्रयोग पाहू. एका टोकास बंद असलेल्या, सर्वत्र सारख्या छिद्राच्या बारीक काचनळीत २० सेंटीमीटर लांबीच्या पाऱ्याने थोडी कोरडी हवा कोंडलेली आहे. नळी आडवी असता कोंडलेल्या हवेवर केवळ वातावरणाचा दाब असतो. तोंड वर करून नळी उभी धरल्यास त्यात २० सेंटीमीटर मिळवावे लागतात, तोंड खाली केल्यास तितकेच वजा करावे लागतात. समजा, सांगलीत हवेच्या स्तंभाची लांबी आडव्या नळीत २५.० सेंटीमीटर भरली, तर पुढील दोन स्थितींत ती अनुक्रमे १९.५ व ३४.८ भरेल. वातावरणाचा दाब ७१ धरल्यास दाब व लांबी यांचा गुणाकार तिन्ही वेळा सुमारे १७७५ येतो. तोच ७६ धरल्यास आडव्या नळीसाठी १९००, तोंड वर असता १८७२ व तोंड खाली असता १९४९ असे गुणाकार मिळतात.

वास्तविक निरीक्षणात काहीच चूक नाही. परंतु गुणाकार स्थिर येत नाही म्हणून विद्यार्थी खोडरबर हाती घेतो आणि नळीवर वाचलेली लांबी 'सुधारून' लिहितो. खरे निरीक्षण पुसून खोट्या संख्येला मान देण्याची ही सवय, प्रस्तुत लेखकाच्या मते, पाच सेंटीमीटरच्या चुकीहून अधिक गंभीर आहे.

विशेष म्हणजे दाब बाहेरून घेण्याची गरजही नाही. उभ्या नळीच्या दोन लांबींची बेरीज ५४.३ व वजाबाकी १५.३ आहे. बेरजेला वजाबाकीने भागून २० ने गुणल्यास ७१.० हे उत्तर मिळते. म्हणजे हीच नळी आपल्या गावचा वायुभारमापक ठरते. अर्थात असे केल्यास नियमाची पडताळणी आडव्या नळीच्या तिसऱ्या निरीक्षणावर करावी.

हवामानवृत्तातील दाबाचा आकडा येथे उपयोगी पडत नाही, कारण तो समुद्रसपाटीस रूपांतरित केलेला असतो. सांगलीसाठी १०१० हेक्टोपास्कल असे छापलेले असले, तरी प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष दाब ९५० च्या आसपास असतो.

चार्ल्सच्या नियमाच्या प्रयोगातही अशीच एक संख्या गृहीत धरली जाते. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश लिहिले जाते. सांगलीस पाणी सुमारे ९८, तर महाबळेश्वरास साडेपंचाण्णव अंश सेल्सिअसलाच उकळते. हायड्रोजनचे मोलर आकारमान काढतानाही हाच विचार हवा. २७ अंशांस व ७१ सेंटीमीटर दाबास ते २२.४ नव्हे, तर सुमारे २६.४ लिटर भरते. वायू पाण्यावर गोळा केला असल्यास बाष्पदाबाचे सुमारे २.७ सेंटीमीटर आधी वजा करावे लागतात.

पाऱ्याची वाफ विषारी असल्याने नळी दोन्ही हातांनी, ट्रेवर धरूनच फिरवावी. पारा वापरावयाचा नसल्यास सिरिंज व वजने घेऊनही प्रयोग करता येतो. मात्र दट्ट्यावरील वजनाच्या दाबात स्थानिक हवेचा दाब तेथेही मिळवावाच लागतो.